समासातला मजकूर आधी वाचा

बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींवरून घराण्याचा माग कसा काढावा, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे: नाव सापडलं, आता पुढे काय? चर्चच्या वह्या मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे, आणि माझं ठाम मत आहे की नाव सापडणं ही कामाची सुरुवात असते. त्या नावाच्या वर, खाली आणि बाजूला जे लिहिलेलं असतं, त्यातूनच घराणं उभं राहतं.

प्रश्न : एका संकेतस्थळाच्या यादीत माझ्या यजमानांच्या खापरपणजोबांचं नाव मिळालं. त्यांच्या वडिलांचं नावही घरातल्या माहितीशी जुळतं. वंशावळीत भरू का?

अजून भरू नका. तुम्ही पाहिलीत ती यादी, म्हणजे कुणीतरी मूळ पान वाचून तयार केलेली सूची. तिच्यात साधारणपणे मुलाचं नाव, आईवडील, तारीख आणि ठिकाण एवढंच घेतलेलं असतं. मूळ पानावर याहून पुष्कळ असतं, म्हणून त्या पानाचं छायाचित्र उघडा. फॅमिलीसर्चसारख्या संकेतस्थळावर खातं उघडायला पैसे पडत नाहीत. काही छायाचित्रं मात्र त्यांच्या केंद्रात जाऊनच पाहता येतात.

पान उघडलं की पहिल्यांदा समास पाहा. कॅथलिक चर्चने १९०७ साली ‘ने तेमेरे’ नावाचा आदेश काढला. तो १९०८च्या ईस्टरपासून लागू झाला. त्यानुसार एखाद्याचं लग्न कुठेही झालं तरी त्याची टीप बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीच्या बाजूला करायची असते. पुढे चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेने दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची) आणि संन्यासव्रताची टीपही तिथेच करायला सांगितली. माणूस गाव सोडून दोन देश ओलांडून गेला, तरी त्याच्या लग्नाचं चर्च आणि जोडीदाराचं नाव जन्मगावच्या वहीत सापडू शकतं, ते यामुळे. सूची करणारे हा समासातला मजकूर बहुतेक वेळा घेत नाहीत. माझ्या मते त्यांच्याकडून होणारं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे.

मग धर्ममाता आणि धर्मपिता कोण, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे धर्मपालक कोण, ते पाहा. ही नावं शोभेची नव्हेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवून दिलं की मुलाला धर्मपालक एकच असावा, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री, आणि धर्मगुरूने त्यांची नावं वहीत लिहावीत. कारण अगदी व्यवहाराचं होतं. धर्मपालक आणि ते मूल, तसंच धर्मपालक आणि मुलाचे आईवडील यांच्यात आध्यात्मिक नातं जुळतं असं मानत आणि त्यांचं आपसात लग्न होऊ शकत नसे. उद्या लग्नाचा प्रश्न आला तर ताडून पाहता यावं म्हणून ती नावं जपली जात. आज आपल्याला त्यांचा उपयोग वेगळा आहे. धर्मपालक बहुधा जवळचे असत: मामा, आत्या, मोठी बहीण, शेजारी. एकाच आडनावाची दोन कुटुंबं एकाच गावात असली तर कोणतं मूल कुणाचं, याचा निवाडा पुष्कळदा धर्मपालकांवरून होतो.

आणि अशी दोन कुटुंबं असतातच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असली की तीन भावांच्या घरी एकाच नावाचे तीन चुलतभाऊ निघतात. त्यात पुन्हा पहिलं मूल दगावलं तर तेच नाव पुढच्या मुलाला देत. म्हणून तुम्हाला मिळालेल्या नोंदीनंतरची काही वर्षं दफनाच्या वहीत त्या नावाचं मूल आहे का, ते पाहा. तान्हेपणीच गेलेल्या मुलाला पूर्वज मानून त्याच्याखाली पाच पिढ्या लावलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत. अशा वंशावळी एकमेकांकडून उतरवल्या जातात आणि मग त्या दुरुस्त करणं अवघड होऊन बसतं. तुम्ही थांबून विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं.

प्रश्न : इंग्लंडमधल्या एका पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या विभागाच्या) वहीत आईवडिलांचं लग्न एप्रिल १७२० मध्ये आणि पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा १२ फेब्रुवारी १७२० रोजी झाल्याचं दिसतं. मुलगी लग्नाआधीची का?

नाही. मुलगी लग्नानंतर दहा महिन्यांनी आली आहे.

इंग्लंडमध्ये त्या काळी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे एप्रिल १७२० नंतर डिसेंबर १७२० आला, त्याच्यामागून जानेवारी आणि फेब्रुवारीही १७२० चेच आले, आणि २५ मार्चला १७२१ लागलं. आपल्या हिशेबाने हा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२१ मधला आहे. आपल्या टिपणात तो ‘१२ फेब्रुवारी १७२०/२१’ असा लिहा, म्हणजे पुढे वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारीला वर्ष सुरू करायला घेतलं होतं, त्यामुळे सीमेच्या दोन बाजूंना दोन वेगळी वर्षं लिहिलेली आढळतात. इंग्लंडमध्ये हा बदल १७५२ साली झाला. त्याच वर्षी कॅलेंडरही बदललं आणि २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला. इटली, स्पेन आणि पोर्तुगालने कॅलेंडरचा हा बदल १५८२ मध्येच केला होता. तिथे ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला.

तारखांचं बोलते आहे तर आणखी एक सांगते. जुने लेखक सप्टेंबर हा शब्द ७ आकडा आणि पुढे ‘बर’ असा लिहीत. तो जुलै नव्हे. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. रोमन वर्षात मार्च हा पहिला महिना होता, त्या गणतीतून हे आकडे आले आहेत. सूची करणाऱ्याला हे माहीत नसेल तर सप्टेंबरचं मूल जुलैत जाऊन बसतं.

प्रश्न : मला लॅटिन येत नाही आणि अक्षरही लागत नाही. हे काम माझ्याच्याने होईल का?

होईल. वहीतलं लॅटिन म्हणजे एकच वाक्य, नावं बदलून पुन्हापुन्हा लिहिलेलं. ‘बाप्तिझावी’ म्हणजे मी बाप्तिस्मा दिला. ‘नातुस’ किंवा ‘नाता’ म्हणजे जन्मलेला किंवा जन्मलेली. ‘फिलियुस’ मुलगा, ‘फिलिया’ मुलगी. ‘लेगितिमुस’ म्हणजे विवाहित आईबापांचा. ‘पात्रिनी’ म्हणजे धर्मपालक. ‘एओदेम दिये’ म्हणजे त्याच दिवशी. हे शब्द कळले की बाकी राहतात ती नावं, आणि नावंही लॅटिन वेशात असतात. वहीतला योआनेस घरी जॉन, योहान, हुआन किंवा जुआंव असेल. याकोबुस इंग्लंडमध्ये जेम्स झाला आणि स्पेनमध्ये दिएगोसुद्धा. तेव्हा वंशावळीत लॅटिन नाव भरून मोकळं होऊ नका. त्या कुटुंबाची भाषा कोणती होती, ते आधी पाहा.

अक्षरासाठी माझी रीत अशी आहे. ज्या धर्मगुरूच्या हातची नोंद वाचायची आहे, त्याच्याच हातची चाळीस-पन्नास पानं आधी चाळायची. आपलं कुटुंब शोधायचं नाही, फक्त हात ओळखायचा. महिन्यांची नावं आणि ठरलेले शब्द आपल्याला माहीत असतात. त्यांतून त्या माणसाचं प्रत्येक अक्षर वेगळं काढून कागदावर मांडायचं. ही वर्णमाला तयार झाली की अनोळखी आडनावं उलगडू लागतात. जर्मन वळणाच्या जुन्या लिपीत ‘ई’ हे अक्षर ‘एन’सारखं दिसतं, आणि ‘यू’ वेगळा कळावा म्हणून त्याच्या डोक्यावर बाक काढलेला असतो. इंग्रजी जुन्या वळणात ‘एच’ रेघेच्या खाली शेपटी सोडतो. ‘एम’, ‘एन’, ‘यू’ आणि ‘आय’ एका शब्दात जवळजवळ आले की नुसत्या उभ्या काड्या दिसतात. त्या मोजायच्या.

जे अक्षर लागत नाही, तिथे आपल्या उताऱ्यात रेघ ओढून ठेवा. अंदाजाने भरू नका. अंदाजाने भरलेलं अक्षर चार दिवसांनी आपल्यालाच वाचलेलं वाटू लागतं.

प्रश्न : माझ्या पणजीच्या आईच्या नोंदीत वडिलांच्या जागी ‘अज्ञात’ आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगू का, आणि शोध इथेच संपला का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी शोधाचं सांगते.

‘अज्ञात’ हे धर्मगुरूने लिहिलं आहे. गावाला माहीत नव्हतं, असा त्याचा अर्थ होत नाही. आईवडिलांचं लग्न नसेल तर वडिलांचं नाव लिहायचं नाही, असा काही ठिकाणी रिवाज होता. म्हणून पुढच्या जागा तपासा. धर्मपालकांची नावं पाहा, त्यांत वडिलांकडचं कुणी असू शकतं. समास पाहा. आईने पुढे त्याच माणसाशी लग्न केलं असेल तर मूल औरस ठरल्याची टीप तिथे मिळते. त्या मुलीच्या स्वतःच्या लग्नाची नोंद काढा, कारण तिथे ती मोठी होऊन बोलते आहे. इंग्लंडमध्ये १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत वडिलांच्या नावाचा रकाना असे, आणि बाप्तिस्म्यात न आलेलं नाव कधीकधी त्यात येतं. त्याआधीच्या काळासाठी गरिबांच्या पोषणाच्या कायद्याखालचे कागद आहेत. मुलाचा खर्च पॅरिशवर पडू नये म्हणून वडिलांचं नाव आईकडून वदवून घेत आणि त्याच्याकडून हमीपत्र लिहवून घेत. त्या चौकशांमध्ये त्या बायकांना किती सोसावं लागलं असेल, ते कागद वाचताना जाणवत राहतं.

सोडून दिलेल्या मुलांची गोष्ट याहून वेगळी. तिथे आईचंही नाव नसतं. नेपल्सच्या अनुन्झियाता अनाथालयाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चाक होतं. त्यात मूल ठेवलं जाई आणि ते आत ओढून घेतलं जाई. अशा मुलांना ‘एस्पोझितो’ हे आडनाव देत. आज ते आडनाव लावणारी असंख्य कुटुंबं आहेत, आणि त्यांची एकमेकांशी रक्ताची ओळख असेलच असं नाही.

आता घरात सांगण्याबद्दल. सांगा, पण आधी एकाच मोठ्या माणसाला, सावकाश. बहुतेक वेळा त्यांना काहीतरी ठाऊक असतं आणि कुणीतरी विचारावं याची ते वाट पाहत असतात. नोंदीत धर्मगुरूने आईसाठी कठोर शब्द वापरला असेल तर उतारा करताना तो जसाच्या तसा ठेवा, कारण उतारा बदलायचा नसतो. वंशावळीत मात्र त्या जागी आईचं नाव लिहा. तिने ते मूल वाढवलं, म्हणून तुम्ही आज पत्र लिहिता आहात. तिचं नाव झाकून ठेवावं असं त्यात काही नाही.

प्रश्न : वही जळाली, असं उत्तर आलं. आता काय?

कोणती प्रत जळाली, ते विचारा. बऱ्याच देशांत एकाच वहीच्या दोन प्रती असत.

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम दिला. या वह्या पहिल्यांदा कागदाच्या होत्या. १५९८ साली त्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगितलं, विशेषतः पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या. म्हणून कित्येक वह्या नेमक्या १५५८ साली सुरू होतात. त्याच वेळी वर्षभराच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. मूळ वही गेली तरी या नकला शिल्लक असू शकतात. फ्रान्समध्ये १६६७ पासून दोन प्रती ठेवत. डेन्मार्कने १८१४ पासून असा नियम केला की दोन्ही प्रती रात्री एका छपराखाली राहता कामा नयेत. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पॅरिसमध्ये दोन प्रती दोन इमारतींत होत्या, पण मे १८७१च्या आगीत दोन्ही इमारती जळाल्या. मग कुटुंबांकडचे दाखले, वकिलांचे कागद आणि चर्चच्या वह्या गोळा करून काही भाग पुन्हा उभा केला गेला.

आयर्लंडचं उत्तर अनेकांना अर्धवट मिळतं. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली, तेव्हा तिथे जमा केलेल्या अँग्लिकन चर्चच्या वह्या मोठ्या संख्येने गेल्या. कॅथलिक वह्या तिथे नव्हत्याच, त्या आपापल्या चर्चमध्ये होत्या. त्यांच्या मायक्रोफिल्मची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. तेव्हा ‘सगळं जळालं’ हे वाक्य ऐकून थांबू नका.

प्रश्न : आईच्या पणजोबांविषयी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले गोरे सार्जंट होते, असं घरात सांगतात. कुठून सुरुवात करू?

कंपनीचे धर्मगुरू आपल्याकडच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवीत. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगालची मालिका ‘एन/१’, मद्रासची ‘एन/२’, मुंबईची ‘एन/३’. यांचा मोठा भाग फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर आहे. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या संकेतस्थळावर काही सूची मोफत शोधता येतात. पणजोबांची पलटण कोणती, एवढं घरच्यांकडून काढता आलं तर निम्मं काम होईल, कारण फौज हलली की कुटुंबही हले आणि एका घरातल्या भावंडांच्या नोंदी वेगवेगळ्या छावण्यांत विखुरलेल्या मिळतात. शिपायांत आयरिश कॅथलिक पुष्कळ होते. या मालिकांत कॅथलिक नोंदी मानाने कमी आहेत, म्हणून छावणीजवळच्या कॅथलिक चर्चकडेही विचारा.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. आई इथली असेल तर तिच्या जागी कधी नुसतं बाप्तिस्म्याचं नाव असतं, कधी तेवढंही नसतं, ‘देशी स्त्री’ एवढेच शब्द असतात. अशा वेळी बापाची दहा पिढ्यांची माहिती मिळते आणि आईची काहीच नाही. घरात तिच्याविषयी जे काही सांगतात, एखादं गाव, एखादी बोली, तिच्या हाकेचं नाव, ते आजच लिहून काढा. हे कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

प्रश्न : बाप्तिस्म्याची तारीख हीच जन्मतारीख धरावी का? आमच्याकडे तीन भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी दिसतो.

धरू नये. कॅथलिक घरांत बाप्तिस्मा थोड्याच दिवसांत होई, कारण मूल जगेल याची खात्री नसे. जीव धोक्यात असेल तर सुईणच बाप्तिस्मा देई. मूल वाचलं आणि तिने विधी नीट केला की नाही याची शंका राहिली, तर धर्मगुरू तो सशर्त, म्हणजे ‘आधी झाला नसेल तर’ असं म्हणून, पुन्हा करीत. ‘सुब कोन्दितिओने’ हे शब्द दिसले तर हे समजा. तुमच्यासारखी तीन भावंडं एकदम आली तर कुटुंब दूर राहत होतं, धर्मगुरू क्वचित येत किंवा घराने पंथ बदलला, अशा शक्यता पाहा. बाप्टिस्ट पंथात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतच नाही, आणि क्वेकरांमध्ये हा विधीच नाही.

प्रश्न : परदेशातल्या चर्चला पत्र कसं लिहावं? आणि आमच्याकडच्या जुन्या दाखल्याच्या घड्या फाटल्या आहेत, त्याला चिकटपट्टी लावू का?

चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. पट्टीचा गोंद कागदात उतरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. जुनी शाई लोहाची असेल तर ती आधीच कागद खात असते. दाखला घडी उलगडून, आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. कोरड्या, स्वच्छ हातांनी हाताळा आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रं काढून ठेवा. मागची बाजू विसरू नका, शिक्के आणि शेरे तिथेच असतात.

पत्र लिहिण्याआधी वही अजून चर्चमध्येच आहे का, हे शोधा. पोर्तुगालमध्ये १९११ नंतर जुन्या वह्या सरकारकडे गेल्या आणि आता त्या जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत आहेत. इंग्लंडमध्ये जुन्या वह्या बहुतेक काउंटीच्या अभिलेखागारांत जमा आहेत. फ्रान्समध्ये १७९२ पासून नोंदणी चर्चकडून नगरपालिकांकडे गेली, तेव्हा त्याआधीचं आणि नंतरचं वेगवेगळं शोधावं लागतं.

वही चर्चमध्येच असेल तर पत्र एका पानाचं लिहा, शक्य तर तिथल्या भाषेत. एका पत्रात एकच व्यक्ती मागा. तिचं नाव, आईवडिलांची नावं, आणि चार-पाच वर्षांचा पट्टा द्या. ‘एकोणिसाव्या शतकातली आमच्या आडनावाची सगळी माणसं’ अशी मागणी कुणीही पुरी करू शकत नाही. चर्चच्या कार्यालयात बहुधा एकच माणूस असतो आणि त्याला तुमच्या शोधाखेरीज शंभर कामं असतात. तुमचं त्या व्यक्तीशी नातं काय ते लिहा. सोबत चर्चसाठी यथाशक्ती देणगी पाठवायची तयारी दाखवा. दाखला मागताना ‘समासातल्या सर्व टिपांसह पूर्ण उतारा हवा’ हे वाक्य आवर्जून घाला, नाहीतर छापील नमुन्यावर तीन ओळी भरून येतील. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची प्रत जोडून एकदा नम्रपणे आठवण करा. ईस्टर आणि नाताळच्या आसपास मात्र लिहू नका.